चारकोपमधली जर्मनी

स्वतःच्या घरून कांदिवली स्टेशनला कुठली बस जाते हे ज्याला आजतागायत पक्कं माहीत नाही, पण जर्मनीतल्या जंगलातल्या एका रस्त्याचं वळण न् वळण ज्याला पाढ्यांसारखं पाठ आहे, असा माणूस या भूतलावर एकच आहे आणि तो नेमका माझ्या वाट्याला मावसभाऊ म्हणून आला आहे. चारकोपच्या सेक्टरातल्या दोन खोल्यांत तो आणि माझी मावशी असे दोघेच राहतात. पन्नाशीला टेकलाय, डोक्यावर केस नावापुरते, आणि शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात तिथे हा मोजपट्टी ठेवतो. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका मॉड्युलर किचनवाल्याकडे दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांची स्वयंपाकघरं काढतो. आयुष्यात सायकलखेरीज काही चालवलेलं नाही. रिक्षात बसला की डोळे मिटून घेतो, आणि रिक्षा सिग्नलला मुकाट उभी असली तरी अधूनमधून "दादा, सावकाश" म्हणतो. एकदा एका रिक्षावाल्याने वैतागून मागे वळून विचारलं, "साहेब, आता काय ढकलत नेऊ?" अशा माणसाला मोटारींच्या शर्यतीचा नाद लागावा म्हणजे बोंबलाच्या वासाने चक्कर येणाऱ्याने मासळीबाजारात गाळा घेण्यातला प्रकार. पण लागला खरा.

नाद म्हणजे व्हिडिओ गेमचा हो. गाड्यांच्या शर्यतीचा कुठलासा जुनापुराणा गेम आहे. ज्या कंपनीने काढला तिने तो कधीच वाऱ्यावर सोडला, पण जगात ठिकठिकाणी त्याचे डझनभर भक्त शिल्लक आहेत. ते त्यात नवनवे रस्ते घालतात आणि एकमेकांना खेळायला देतात. त्यांचा म्होरक्या अर्जेंटिनातला एक दातांचा डॉक्टर. आता या सगळ्यांच्या मनात एकच खंत होती. जर्मनीत वीसेक किलोमीटरचा एक ट्रॅक आहे, जंगलातून, चढउतारांवरून जाणारा, शर्यतवाल्यांच्या जगात फार नावाजलेला. त्याचं नाव घ्यायला गेले की माझी जीभ टाळूला चिकटते, म्हणून आमच्या घरात आम्ही त्याला नुसतं 'जर्मनी' म्हणतो. तर ही जर्मनी त्या गेममध्ये नव्हती. जुन्या गेमच्या पोटात एवढा लांब रस्ता मावतच नाही म्हणे, दहा-बारा किलोमीटरच्या पुढे गेलं की तो मान टाकतो. भल्याभल्यांनी हात टेकले होते. आणि आमच्या बंधुराजांनी सगळ्यांना कळवलं, "रिस्पेक्टेड सर, मी करून देतो." तो दातांच्या डॉक्टरलाही रिस्पेक्टेड सर म्हणतो आणि फिनलंडमधल्या सतरा वर्षांच्या पोरालाही.

त्या दिवसापासून त्याच्याबरोबर रस्त्याने चालणं मुश्कील झालं. शर्यतीत वळण घेताना म्हणे आधी बाहेरून यायचं, मग आतला कोपरा चाटायचा आणि पुन्हा बाहेर पडायचं. हा ते भाजीची पिशवी घेऊन करतो! समोरून येणाऱ्या बायका बिचाऱ्या बाजूला होतात. माझ्या पुतणीच्या लग्नात, बोरिवलीच्या हॉलवर, जेवणाच्या रांगेत हा असाच आतून घुसला आणि थेट जिलबीपाशी उगवला. मी डोळे वटारले तर म्हणतो कसा, "ताई, घुसलो नाही गं, लाइन पकडली." मुलाकडचे लोक बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि याने शांतपणे दोन जिलब्या माझ्याही ताटात वाढल्या.

आता खरं सांगायचं तर त्याने जर्मनी हातात घेतली तेव्हा आमच्या नात्यातल्या एकालाही ती पुरी होईल असं वाटलं नव्हतं. मलाही नाही. कारण या बाबाने जन्मात एक काम तडीला नेलेलं नाही. डिप्लोमा शेवटच्या वर्षाला सोडला. पेटी शिकला, दोन परीक्षा दिल्या आणि तिसरीच्या आदल्या आठवड्यात पेटीच विकून टाकली. घरातला पोटमाळा अर्धा पिवळा आणि अर्धा पांढरा आहे. लग्नसुद्धा साखरपुड्यापर्यंत आणलं आणि मग "विचार करून सांगतो" म्हणाला. तो विचार अजून चालू आहे, त्या मुलीची मुलं कॉलेजात गेली. मावशी याबद्दल कधी ओरडली नाही. वयाने आता ती ऐंशीच्या पुढे, कान थोडे जड, नजर मात्र पक्की. एवढंच म्हणायची, "झिला, माज्या डोळ्यांदेखत एक तरी काम पुरां कर रे बाबा." चेष्टेत म्हणायची, पण मी तिचा चेहरा बघितलाय. आपल्यामागे याचं कसं होणार, हा तिचा घोर होता. एक गोष्ट जरी शेवटाला गेलेली दिसली असती तर ती निर्धास्त झाली असती. आणि हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून तर तो जर्मनीला असा चिकटून बसला.

दर रविवारी मी बोरिवलीहून जायची. दारातूनच विचारायचं, "जर्मनी कुठवर आली?" तो म्हणायचा, "अर्ध्या जंगलात आहे, ये." सारा रस्ता त्याने फोटो आणि व्हिडिओ बघबघून बांधला, आणि हत्यार कुठलं तर ऑफिसात स्वयंपाकघरं काढायचं तेच! त्यामुळे सुरुवातीला कठडे ट्रॉलीच्या हँडलसारखे दिसायचे आणि प्रेक्षकांचा मांडव हुबेहूब मसाल्याच्या रॅकसारखा. पुढे हात बसला. झाडं तर अशी काढली की मला गारवा जाणवायचा. मावशी शेजारी खुर्ची टाकून बसायची आणि तो चाचणीला गाडी फिरवायचा, तीसुद्धा मारे अशी बेताने, की मागून कुणी बैलगाडीवाला असता तर त्याने हॉर्न दिला असता.

अर्ध्या वाटेवर एक मोठा उतार लागतो. तो पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा मावशी एकदम ताठ बसली. "घाट इलो," म्हणाली, "आणि देव खय?" आमच्याकडे कोकणात घाट उतरायचा म्हणजे आधी घाटातल्या देवापाशी गाडी हळू करायची, हॉर्न द्यायचा, हात जोडायचे आणि मगच उतरायचं. कितीही घाई असो, ड्रायव्हर कुठल्याही धर्माचा असो, हे चुकत नाही. भाऊ म्हणाला, "आई, जर्मनीत देव नसतो घाटात." "मगे गाडयो खाली कश्यो जातत?" पुढच्या रविवारी बघते तर उताराच्या तोंडाशी एक छोटं देऊळ. कंपनीच्या कॅटलॉगमधला भिंतीवरचा देव्हारा त्याने जसाच्या तसा उचलून ठेवला होता, खालच्या अगरबत्तीच्या ड्रॉवरसकट, आणि वर लाल निशाण लावलं होतं. तिथे आला की तो पेडलवरचा पाय सैल सोडायचा, हॉर्न द्यायचा, मावशी हात जोडायची, की गाडी सुटली खाली. प्रत्येक फेरीला, न चुकता.

लांबीची अडचण त्याने कशी सोडवली तेही मला समजावून सांगितलं. रस्त्याचे दोन तुकडे केले होते. गाडी पहिल्या तुकड्यावर असतानाच गेमने दुसरा गुपचूप तयार करायचा. "ताई, पंगतीत नाही का, आपण वरणभात संपवतोय तोवर वाढपी मसालेभात घेऊन हजर." मी म्हटलं, झकास! पहिल्यांदाच तुझं काहीतरी माझ्या डोक्यात शिरलं.

आणि एक दिवस रस्ता पुरा झाला. रविवारी संध्याकाळी साऱ्या भक्तांनी मिळून त्यावर शर्यत लावायची ठरली. मावशी नवं लुगडं नेसली, तिने कॉम्प्युटरपुढे नारळ ठेवला आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान जर्मनीचो रस्तो बांधल्यान हा, तेका येस दी रे म्हाराजा!" होकार द्यायला मी एकटीच, तरी चार माणसांचा आवाज काढून ओरडले, "व्हय म्हाराजा!" स्पीकरवरून त्या दातांच्या डॉक्टरने विचारलं, काय झालं, कुणी पडलं का? भाऊ म्हणाला, "नो सर, स्टार्टिंग प्रोसिजर."

शर्यत सुटली. बाकीचे सगळे भुर्रकन पुढे निघून गेले आणि आमचा पठ्ठ्या आपल्या बैलगाडीच्या चालीने शेवटी. देवापाशी आला, हळू केली, हॉर्न दिला, मावशीने हात जोडले, आणि उतरला. पुढचं जंगल रिकामं. एक वळण झालं, दोन झाली, कुणीच दिसेना. हळूहळू त्याचा चेहरा उजळला. "ताई," तो जवळजवळ कुजबुजला, "मी पहिला आहे का गं?" तेवढ्यात स्पीकरवर कालवा झाला. साऱ्यांचे पडदे केव्हाच त्या उताराच्या तोंडाशी गोठले होते आणि गाड्या रस्त्यावरून पुसल्या गेल्या होत्या; इतका वेळ जो तो आपलाच कॉम्प्युटर बिघडला समजत होता. गेमने मान टाकली होती, एक याच्याकडचा सोडून. वाट लागली! त्या अख्ख्या जर्मनीत तो एकटाच होता. त्याने गाडी कडेला घेतली आणि कॉम्प्युटर बंद केला.

पुढचे दोन रविवार मी गेले तर कॉम्प्युटरवर कपडे वाळत होते. ते लोक भले हो, कुणी टाकून बोललं नाही. उलट डॉक्टरने लिहिलं, अर्ध्यापर्यंतचा रस्ताच फार सुंदर आहे, तेवढाच ठेवू, पुरे झालं. अर्ध्यापर्यंतचा! नेमका हाच शब्द त्याला लागला. मला म्हणाला, "ठेवू दे त्यांना अर्धा. माझं सगळं तसंच असतं." मी एरवी याला येता-जाता झापणारी, पण त्या दिवशी पिशवीतला लाडवांचा डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला. मावशी कोपऱ्यात लसूण सोलत होती. तिला कमी ऐकू येतं म्हणून आम्ही तिच्यासमोर बोलत होतो, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"अरे, त्येंनी देवाक हात जोडूक नाय," ती मान वर न करता म्हणाली. "मगे गाडयो फुडे कश्यो जातल्यो?"

"आई, तसं नसतं गं ते," तो म्हणाला. आणि बोलता बोलता ताडकन उठला. कपडे उचलून माझ्या मांडीवर फेकले आणि कॉम्प्युटर लावला. देवापाशी भरधाव गेला, आणि पडदा गोठला! पुन्हा गेला, हळू केली, हॉर्न दिला. गाडी अलगद उतरली. "ताई, वाढपी हळू आहे गं माझा!" तो ओरडला. "भरधाव जाणाऱ्याचा वरणभात संपतो आणि मसालेभात अजून आतच. आणि मला कळणार कसं? मी जन्मात एकदाही तिथून हळू केल्याशिवाय गेलो नाही!" जुन्या गेमला त्याहून भरभर वाढायला जमत नव्हतं, तो त्याचा स्वभावच. म्हणजे उपाय एकच. त्याने रीतसर लिहून कळवलं: रिस्पेक्टेड सर, आमच्याकडे घाटात देवापाशी गाडी हळू करतात, हॉर्न देतात, हात जोडतात आणि मग उतरतात. या रस्त्यावरही तसंच करावं लागेल, त्याशिवाय पुढे रस्ता नाही, कृपया राग नसावा. डॉक्टरचं उलट टपाली उत्तर आलं: हात जोडायचे तर स्टिअरिंग कुणी धरायचं? याने लिहिलं, सर, मनातल्या मनात चालतं.

पुन्हा शर्यत लागली. मी आणि मावशी पडद्याला नाक लावून बसलो होतो. आणि सांगते काय, पृथ्वीच्या पाठीवरच्या कुठकुठल्या घरांतून आलेल्या त्या गाड्या देवापाशी येऊन शहाण्या मुलांसारख्या एकामागे एक हळू झाल्या! प्रत्येकाने हॉर्न दिला. फिनलंडच्या पोराने तर तीनदा दिला. मावशी प्रत्येक गाडीसाठी वेगळे हात जोडत होती आणि माझ्या डोळ्यांतून धारा. सगळे उतरले, सगळे शेवटाला पोचले. भाऊ सर्वांत शेवटी, पण पोचला. ते सारे तिकडे टाळ्या वाजवत होते. मावशीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, "झाला मां पुरां," म्हणाली, आणि खुर्चीतच मान कलती करून झोपून गेली, कित्येक वर्षांची झोप राहिल्यासारखी.

मंडळी निरोप घेऊन गेली. पडद्यावर त्याची एकट्याची गाडी उभी होती आणि आजूबाजूला त्याने लावलेली झाडं. तो काही उठेना. मी म्हटलं, "काय रे, झालं ना?"

"झालं गं." त्याने खिशातली मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली. "ताई, काम पुरं झाल्यावर इतकं रिकामं वाटतं, हे मला कुणी कधी सांगितलंच नाही."

मला माहीत होतं. मी सगळी कामं वेळच्या वेळी संपवणारी बाई. पण ते त्याला काय सांगायचं? मी त्याच्या शेजारी तशीच बसून राहिले. जरा वेळाने चहा टाकायला उठले.