पुढचा खांदा

काठी-चेंडूचा हर्लिंग हा आम्हा आयरिश लोकांचा खेळ, रग्बी इंग्रजांचा. त्या काळी हर्लिंगवाला रग्बी खेळताना सापडला, की क्लब त्याला सरळ हाकलून द्यायचा. डर्मट हेफर्नन दोन्ही खेळायचे, रग्बी खोट्या नावाने. क्लबने पाळतीवर ठेवलेल्या मॉस क्विर्कने त्यांना पकडून दिलं, तेही ऐन अंतिम सामन्याच्या तोंडावर. डर्मट पुढे शाळेत मास्तर झाले. मॉसच्या पोरांना हर्लिंग त्यांनीच शिकवलं.

मास्तर गेले त्या दिवशी मॉस फाटकाशीच घुटमळत राहिला. शेवटी मास्तरांची बायको नुआला बाहेर आली.

"आत ये. खांदा द्यायचाय."

"मी मागे लागतो, वहिनी."

"मागे नको, पुढे हो. तू पाठीमागे असलास की त्यांना चैन पडायचं नाही."