ठिणगीचा ठसा

बॉयलरच्या कारखान्यात तिला सगळे ठिणगी म्हणत. वेल्डिंगमुळे म्हणत तेवढंच स्वभावामुळेही. तिथला रिवाज असा, की ज्याने जोड मारला त्याने शेजारी आपल्या आडनावाच्या अक्षरांचा पोलादी ठसा ठोकायचा. जोड गळला तर वीस वर्षांनीही त्यालाच हुडकून आणायचं. ठिणगीने वेल्डरची परीक्षा पास झाल्या दिवशी आपला ठसा स्वतः कानसून केला होता. नऊ वर्षांत तिचा एकही जोड गळला नव्हता.

मग लग्न झालं, आणि घरात गळती लागली.

सासरे जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीतून निवृत्त झालेले. सून घरात येईपर्यंत त्यांनी आडनाव बदलायचा अर्ज मोत्यासारख्या अक्षरात भरूनही ठेवला. सहीपुरती जागा रिकामी, तिथेही पेन्सिलीची फुली.

"एका दारावर दोन आडनावं? लोक काय म्हणतील?"

"दार मोठं आहे, बाबा," ठिणगी म्हणाली. सासूबाई पदराआड हसल्या.

नवऱ्याचे पाय दोन्ही डगरींवर. त्याने बायकोला खूश करायला गुपचूप नव्या आडनावाचा ठसाच करून आणला, मखमलीत गुंडाळून!

"अरे शहाण्या, हा ठोकायचा तर परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. आणि जुने जोड कोणाचे? पोरके?"

"एवढा विचार नाही केला."

"दिसतंय."

तरी घरातल्या शांततेसाठी तिने एकदा पेन उचललं. फुलीपर्यंत नेलंही. पण हात काही चालेना. डोळे मिटून उभा जोड मारणारा हात तो, दोन अक्षरांपाशी अडला.

सासऱ्यांचा गुडघा दुखायचा. रोज सकाळी दवाखान्यात गरम पाण्याचा शेक. एके दिवशी ठिणगी सोबत गेली आणि शेक झाल्यावर त्यांना तळघरात घेऊन गेली. तिथे बॉयलर घुमत होता. तिने हातात बॅटरी दिली, खालच्या एका जोडाकडे बोट दाखवलं. "वाचा."

सासरे कण्हत वाकले. चष्मा सावरून त्यांनी बोटाने अक्षरं चाचपली. "हा तुझा?"

"सात वर्षांपूर्वीचा. तुमच्या गुडघ्याचं पाणी इथूनच येतं. मी सही केली, तर हा जोड मारणारी बाई उद्या कागदावर शोधून सापडायची नाही. तुम्ही चौतीस वर्षं नोंदी ठेवल्यात. खरी नोंद खोडायची का, तेवढं सांगा."

खाडाखोड म्हटलं की सासऱ्यांचं पित्त खवळायचं. एका खोडलेल्या ओळीपायी शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाशी त्यांनी अकरा वर्षं अबोला धरला होता. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. गुडघा विसरून.

घरी येताच त्यांनी अर्जाचे सारखे चार तुकडे केले आणि कचेरीच्या आवाजात जाहीर केलं, "अर्ज निकाली!"

"चाळीस वर्षांत माझं कधी असं वाकून ऐकलं नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

"तू कुठे पोलादावर ठोकलं होतंस?"

"आता ठोकते!"

ठिणगीने दारासाठी पत्र्याची नवी पाटी कापली. वर कुणाचं आडनाव, यावर नवरा घाम पुसू लागला. सासरेच गरजले, "अकारविल्हे!" ठिणगीचं वर आलं. सासऱ्यांचा चेहरा जरा उतरला, पण नियम म्हणजे नियम. कोपऱ्यात तिने आपला ठसा ठोकला, ठण्ण! नवऱ्याचा मखमली ठसा अक्रोड फोडायला कामी आला.

आता सासरे रोज दारात उभे असतात. दूधवाला असो की पोस्टमन, कुणाला सोडत नाहीत.

"नुसतं पाहू नका हो. वाका. आमच्या सूनबाईचा ठसा आहे तो, वाकून वाचा!"