दोन पत्र्यांमधली फट

सकाळचे सहा वाजून बारा मिनिटं. लेसर वेल्डिंगच्या बंद कोठडीबाहेर उभी राहून ती कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहत होती. आत यंत्राचा हात मोटारीच्या दाराच्या चौकटीवरून सरकला आणि चार सेकंदांत जोड संपला. ठिणग्या मात्र नको तितक्या उडाल्या.

कारखान्यात तिला सगळे वहिनी म्हणतात. दीर इथल्याच गोदामात आहे. त्याची हाक सगळ्यांनी उचलली. त्याची बायको, म्हणजे वहिनींची धाकटी जाऊ, तपासणी खोलीत जोड कापून भिंगाखाली पाहते.

वहिनींनी अकरा वर्षं स्पॉट वेल्डिंग केलं. तांब्याच्या दोन टोकांत पत्रे चिमटायचे आणि वीज सोडायची. पत्रे जितके घट्ट, तितका जोड पक्का. खांदा दुखू लागला तसा त्यांनी लेसरसाठी अर्ज केला. तीन दिवसांची चाचणी मिळाली. आज शेवटचा दिवस; दोनच्या आत लागोपाठ तीन नमुने पास झाले तर कोठडी त्यांची, नाहीतर पुन्हा जुनी जागा आणि जुना खांदा.

साडेअकराला जाऊ कापलेला नमुना घेऊन स्वतःच आली.

"ताई, हा जोड आहे की चाळणी?"

"तुझं भिंग फार मोठं दाखवतं."

"सासूबाईंनी ही भोकं नुसत्या डोळ्यांनी शोधली असती. सतरा आहेत, मोजलीत मी."

"घरात आवाज नाही तुझा आणि इथे बघा!"

"घरी तुमच्या शब्दाबाहेर नाही. इथे भिंगाच्या शब्दाबाहेर नाही."

ती गेली. वहिनी पत्रे धरून ठेवणाऱ्या पकडींपाशी बसल्या. हा नवा पत्रा जास्त ताकदीचा. दाबला की सरळ, सोडला की पुन्हा उसळणार. म्हणून त्यांनी सकाळी बाराही पकडी दोन-दोन आटे जास्त आवळल्या होत्या. आता त्यांनी फट मोजायच्या फिलर गेजचं सगळ्यात पातळ पातं दोन पत्र्यांच्या मध्ये सरकवून पाहिलं. शिरेना.

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्याने सांगितलं होतं: पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. पोलाद वितळायच्या आधीच जस्ताची वाफ होते. तिला बाहेर पडायला फट नसेल, तर ती वितळलेल्या धातूतूनच उसळते आणि भोकं पाडते. ती फट राहावी म्हणूनच खालच्या पत्र्यावर कणभर उंचवटे दिलेले असतात. वहिनींनी हे वहीत लिहून दोनदा अधोरेखितही केलं होतं. वहीने ऐकलं, हातांनी नाही. हातांनी आवळून आवळून उंचवटे पार चेपले होते.

त्यांनी चेपलेले पत्रे भंगारात टाकले आणि नवे लावले. पकडी दोन-दोन आटे सैल केल्या. सैल करताना त्यांच्या अंगावर काटा आला, कुलूप न लावता घराबाहेर पडल्यासारखा. पण पातं बाराही जागी शिरलं. यावेळी ठिणग्या बोटांवर मोजण्याइतक्या उडाल्या.

तीन नमुने साडेबाराला तपासणी खोलीत गेले. पावणेदोनला जाऊ दारात आली. चेहरा सरकारी.

"बोल की आता!"

"तीनही पास."

"नीट बघितलंस ना?"

"शंका असेल तर चौथा द्या. चहाच्या सुट्टीनंतर कापते."

"नको बाई. तुझ्या भिंगाची सवय नाही मला, आणि आता तर रोजचंच झालं."

फलकावर उद्याचा पाळीतक्ता लागला आहे. लेसर कोठडीसमोर बिल्ला क्रमांक ४१७, म्हणजे वहिनी. पाळी सहाला सुरू होते. पहिला पत्रा लावण्याआधी बाराही पकडींची फट मोजून नोंदवायची आहे.