पहिल्या नंबरची चिठ्ठी

हेमलताबाईंचा डोळा लागतोय तो दुपारी अडीचला, आणि तोही बसल्या जागी. सोफ्याला पाठ टेकून त्या फरशीवर बसल्यात. पुढ्यात कॉलेजांच्या नावांच्या आठ चिठ्ठ्या ओळीनं मांडलेल्या, आणि पंख्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एकेक चिंचोका. ही काही झोपायची वेळ नव्हे. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा पसंतीक्रम भरायची मुदत आज पाचला संपतेय. लेक ऋजुता नेट कॅफेत रांगेत उभी आहे. नंबर आला की ती फोन करणार, आई चिठ्ठ्या वाचून दाखवणार आणि ती तसा क्रम भरणार, असं ठरलंय. पण पाच महिने धड न झोपलेल्या बाईला पंख्याखाली बसवल्यावर दुसरं काय होणार?

चिठ्ठ्या आणि चिंचोके ही पद्धत काळदातेसरांची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची. सर ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. जुलै आला की गावातली निम्मी मुलं आईबापांसकट याच हॉलमध्ये फरशीवर बसलेली असायची, आणि हेमलताबाई चहाची आधणं ठेवून ठेवून वैतागायच्या. सर म्हणायचे, नव्व्याण्णववाल्यांना कुणी लागत नाही, त्यांच्यासाठी सगळीकडे पायघड्या. डोकं चालवावं लागतं ते अठ्ठ्याऐंशीवाल्यांसाठी. आणि नियम एकच, शंभर वेळा घोकून घेतलेला. वरती हवं ते, खाली मिळेल ते. कारण पहिल्या नंबरचं कॉलेज मिळालं की विषय संपला. मग तेच घ्यावं लागतं, बाकीची दारं बंद.

सर फेब्रुवारीत गेले. नवव्या दिवशी ऋजुतानं बारावीचा पहिला पेपर दिला, आणि पुढं सीईटीही दिली. पडले अठ्ठ्याऐंशी पॉइंट चार. वाईट नाहीत हो, चांगलेच आहेत, पण डोळे मिटून कुठंही प्रवेश घ्यावा असेही नाहीत. तिला सांगलीचं इलेक्ट्रॉनिक्स हवंय. गेल्या दिवाळीत बाबांबरोबर जाऊन ती ते कॉलेज पाहून आली होती, आणि मागच्या वर्षी तिथली यादी सत्त्याऐंशीला थांबली होती. म्हणजे मिळण्यासारखं. गावातल्या कॉलेजला तर सत्तरवालाही लागतो. आणि आज सकाळी हेमलताबाईंनी पहिल्या चिंचोक्याखाली सरकवली ती नेमकी गावातल्या कॉलेजची चिठ्ठी. ऋजुतानं चिठ्ठीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, "तू म्हणशील तसं" म्हणाली आणि चपला घालून गेली.

आता पापण्या मिटतात. पंख्याची घरघर लांब जाते, जवळ येते, पुन्हा लांब जाते. चिंचोके चकाकतात.

सर स्वयंपाकघरातून बाहेर येतात, ओले हात बनियनला पुसत. हेमलताबाईंना नवल वाटत नाही, उलट चिडच येते. दारामागे धडधडीत टॉवेल टांगलेला असताना हा माणूस सत्तावीस वर्षं बनियनलाच हात पुसतोय. त्या तसं म्हणतातही. सर नेहमीसारखे ऐकलं न ऐकलं करतात आणि मांडी घालून समोर बसतात.

"किती पडले आपल्या बाईला?"

"अठ्ठ्याऐंशी. पॉइंट चार."

"असल्या दिवसांत?" सर म्हणतात, आणि चष्म्याशिवायचे डोळे बारीक करून एकेक चिठ्ठी वाचायला लागतात. चष्मा कपाटात आहे, वरच्या खणात, हे हेमलताबाईंना सांगायचंय. पण कपाट इथं नाहीच. हॉलच्या भिंतीला आता लॅबची लांब टेबलं लागलीत, आणि बाकांवर पालक बसलेत. हातात फाईली, नजर खाली. सगळे आपला नंबर यायची वाट बघतायत, आणि आधी नंबर काळदातेबाईंचा आहे.

सरांचं बोट पहिल्या चिठ्ठीवर थांबतं.

"ही वर कुणी ठेवली?"

गप्प राहावं असं त्यांना वाटतं. मग त्या म्हणतात की आपणच ठेवली. सेफ असावं म्हणून. पोरीची जात, परका गाव, होस्टेलचं जेवण, उगाच हातचं जायला नको. पाठ केल्यासारखं सगळं बोलून होतं. बाकांवरचे पालक माना हलवतात. सर नाही हलवत.

"सेफ खाली असतं, हेमा. तुला माहितीय."

माहितीच आहे. चहा देता देता हेमानं ते इतक्यांदा ऐकलंय की मध्यरात्री उठवून विचारलं तरी सांगेल. कुणी बाप भीतीपोटी जवळचं कॉलेज वर टाकायला निघाला तर आतून तीच म्हणायची, अहो, पोरीच्या पायात पाय कशाला घालता? दुसऱ्यांच्या पोरींच्या बाबतीत तिला सगळं कळत होतं.

फरशी गार लागते. ही घरची फरशी नाही. पांढऱ्या चौकोनी लाद्या, फिनेलचा वास, आणि टोकाला आयसीयूचा तो हिरवा पडदा, ज्याच्यापुढं तिनं फेब्रुवारीतल्या अकरा रात्री काढल्या. चिठ्ठ्या मात्र तशाच ओळीनं मांडलेल्या, कॉरिडॉरच्या मधोमध, आणि जाणारे-येणारे त्या ओलांडून जातायत. सर आता बाकड्यावर बसलेत. हाताला सुई टोचलेली, तिच्यावर चिकटपट्टी.

आणि तिथं तिचा बांध फुटतो.

"तुम्ही गेलात. आता तीही गेली तर मी घरात बोलू कुणाशी? भिंतींशी? रोज कुकर लावते, तोही आपला दोन वाट्यांचा. उद्या एकीचा लावू? कुणासाठी लावू?"

सर सुईच्या हातानं तिचा हात धरतात. हात गार नाही, हे तिला फार बरं वाटतं.

"मला जायचं नव्हतं गं," ते म्हणतात. "तिला जायचंय."

एवढंच. तिला काहीतरी उत्तर द्यायचंय, भांडायचंय, चष्म्याचं सांगायचंय. पडद्याआडून कुणीतरी नंबर पुकारतं. सर उठतात, आणि जाता जाता सवयीनं बनियनला हात पुसतात. ती उठायला जाते, तर पाय मुंग्या येऊन बधिर झालेले. ती वाकून हाताला लागेल ते घट्ट धरते. कुठंतरी बेल वाजतेय. वाजतच राहतेय.

फोन. समोर हॉल, पंखा, उन्हाचा पट्टा. तीन वाजून दहा मिनिटं. मान अवघडलीय आणि गाल ओले आहेत.

"आई, आला माझा नंबर. वाच."

हेमलताबाई चिठ्ठ्यांकडे बघतात. पहिली जागा रिकामी आहे. चिठ्ठीही नाही, चिंचोकाही नाही. बाकी सात जागच्या जागी. उजवी मूठ मात्र इतकी घट्ट मिटलीय की नखं रुतलीत.

मूठ न उघडताच त्या वाचायला लागतात. सांगली, इलेक्ट्रॉनिक्स. मग पुणे, मग नांदेड. एकेक करत सात. पलीकडे ऋजुताचा टाइप करायचा आवाज मध्येच थांबतो.

"आई, गावातलं वाचलंच नाहीस. ते पहिलं होतं ना?"

हेमलताबाई मूठ उघडतात. चिठ्ठी घामानं चुरगळलीय, शाई पसरलीय, आणि तळव्याच्या मधोमध चिंचोक्याचा लाल ठसा उठलाय. त्या चिठ्ठी मांडीवर सरळ करतात, ओळीच्या शेवटी ठेवतात, आणि तिच्यावर चिंचोका.

"ते आठवं," त्या म्हणतात.

"नक्की?" ऋजुता विचारते. "आणि तू गं?"

"मी आहे की इथं," हेमलताबाई म्हणतात. "तू भर. मी कुकर लावते."

फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात जातात. तांदूळ दोन वाट्याच घेतात. धुऊन झाल्यावर ओले हात कशाला पुसावेत म्हणून इकडंतिकडं बघतात. टॉवेल समोरच टांगलेला असतो. त्या पदरालाच पुसतात.