परडीत गेलेलं कोलंबाइन

लेकीने जर्मनीहून पाकीट पाठवलं तेव्हा मला वाटलं, काळे तीळ आहेत. फोनवर म्हणाली, "बाबा, कोलंबाइन आहे, फुलाचं बी. माझ्या अंगणात येतं. तुम्ही लावा, फूल आलं की व्हिडिओ कॉल करू, मला दाखवा." म्हटलं, बाई गं, हे बदलापूर आहे! इथे मे महिन्यात माणसं वाळतात, तुझं थंडीतलं फूल काय तग धरणार? पण पाकीट टाकलं नाही. फूल आलं की लेक निवांत बोलेल, एवढं डोक्यात बसलं. एरवी तिचा फोन म्हणजे "जेवलात का, गोळी घेतलीत का," की संपलं.

बदलापुरातल्या शिरगावात आमचा तळमजल्याचा फ्लॅट, मागे चार पावलांची जागा. ती हिची, माझ्या बायकोची, बाग. ही गेल्यावर जास्वंद आणि तगर तेवढी जगली, तीही आपल्या आपण. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी रोज सकाळी मागच्या फाटकाची कडी काढून पूजेला परडीभर फुलं नेतात. हिनेच सांगून ठेवलं होतं, लागतील तेवढी न्या, विचारत बसू नका. ही गेली तरी त्या येत राहिल्या. माझा चहा गॅसवर असतो, कडी वाजते, खिडकीतून आवाज येतो, "भाऊजी, आहात ना?" मी म्हणतो, "आहे, जातोय कुठे!" बहुतेक दिवशी माझं बोलणं तेवढंच.

त्या बियांना आधी थंडी लागते म्हणे. ओल्या रुमालात गुंडाळून, डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या. तिथे तसंही काय होतं, अर्धं लिंबू आणि कालचं वरण. मग कुंडीत मातीवर नुसत्या भुरभुरल्या, कारण त्यांना उजेड हवा. उन्हाळ्यात कुंडी मोरीच्या खिडकीशी, पावसात वळचणीला. अंबरनाथच्या कारखान्यात जन्मभर मशीन सांभाळली, पण मशीनचे एवढे नखरे नव्हते. सगळी रोपं उन्हाने गेली, एक उरलं. त्याच्याशी मी बोलायला लागलो. हसू नका. घरात दुसरं होतं कोण?

दुसऱ्या थंडीत, बदलापुरात स्वेटर बाहेर निघाले तेव्हा, कळी आली. मग फूल उमललं. जांभळं, आत पांढरं, मागे बारीक शेपट्या, आणि मान खाली. मला वाटलं, सुकलं! तांब्याभर पाणी ओतणार, एवढ्यात आठवलं, लेक म्हणाली होती, ते खालीच बघतं. रविवारी दुपारी तिने फोन ठरवला. मी आदल्या दिवशीच दाढी केली, शर्टाला इस्त्री केली.

रविवारी सकाळी पाहतो तर नुसता देठ.

गुडघे दुखत होते तरी तरातरा जिना चढलो. वहिनींच्या देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या पायाशी माझं फूल. त्या हसून म्हणाल्या, "किती गोड आलंय हो! पहिलं फूल देवाचं, म्हणून नेलं."

"तुमच्या देवाला जास्वंद पुरत नाही?" मी ओरडलो. "पुन्हा माझ्या बागेत पाऊल टाकू नका!"

त्यांच्या हातात उदबत्ती होती, ती लावायची राहिली. "बरं," एवढंच म्हणाल्या.

दुपारी लेकीने विचारलं, "कुठाय फूल?" सांगितलं, वरच्या काकूंनी देवाला नेलं. वाटलं, चिडेल. तिने भलतंच विचारलं.

"म्हणजे काकू अजून येतात?"

"येतात की."

"रोज? तुम्हाला हाक मारतात?"

"मारतात."

लेक रडायलाच लागली. "बाबा, मला इथे झोप लागत नाही हो. सारखं वाटतं, तुम्हाला काही झालं तर कुणाला कळणार? रोज कुणीतरी येतंय ना, मग बास. जाऊ दे ते फूल."

मी म्हटलं, "रोज येतात. तू झोप निवांत."

सोमवारी जास्वंद भरभरून फुलली होती. मी चहा ठेवला आणि फाटकाकडे कान देऊन बसलो, तो उतू गेला. कडी वाजली नाही. थोड्या वेळाने वहिनी रस्त्याने येताना दिसल्या, हातात फुलवाल्याची पुडी. माझ्या खिडकीकडे त्यांनी पाहिलं नाही.

संध्याकाळी फुलं झाडावरच मिटली. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. मग कुणी विचारलं नव्हतं तरी म्हटलं, "आहे."