ताईच्या लाडवांतलं तूप

कुणी विचारलेलं नसताना लिहितो आहे, याची आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे इंग्रजीतला कुठलाही कागद मला कळतो, असं सगळे धरून चालतात. मीही ते चालू देतो.

ताई जर्मनीत बाळंत झाली. मायकडे पासपोर्ट नव्हता, म्हैस होती. ताईचा दीर आठवड्याभरात भंडाऱ्याहून तिकडेच निघणार होता, म्हणून माय दोन किलो तूप कढवून बसली. घरचं तूप मिळालं नाही तर बाळंतिणीची कंबर जन्मभर दुखते, असं तिचं ठाम मत. आमच्या एकोडी गावच्या बसथांब्यावर रेंज बरी येते; तिथे बसून मी तिकडचे नियम वाचले.

"नाही चालत, माय. दुधाचं काहीच नेता येत नाही."

"तूप म्हणजे दूध आहे काय? दही लावलं, लोणी काढलं, कढवलं. आता दुधाचं काय राहिलं त्यात?"

"बाळाची डबाबंद दूधपावडर चालते," मी म्हणालो.

"ते कोणत्या म्हशीची?"

"तसं लिहिलं नाही."

"जिचा पत्ता नाही तिची चालते, अन् आपल्या म्हशीले सारं गाव ओळखते, तर तिचं नाही चालत. बढिया."

"कॉलेजात हेच शिकवून राहिले त्याले," बाबा म्हणाले.

"मिठाई चालते, मले वाटते," मी घाईने म्हणालो.

माय उठली. संध्याकाळपर्यंत सगळं तूप डिंकाच्या लाडवांत गेलं होतं. हे नियमात बसलं की नियमातून निसटलं, ते मला ठरवता येईना. शेवटी लाडवांत काय काय आहे ते मी इंग्रजीत कागदावर लिहिलं, तुपाखाली रेघ ओढली आणि हा कागद तिकडच्या विमानतळावरच्या साहेबाला आपणहून दाखवा, असं दिराला बजावलं.

"तू तिचा भाऊ आहेस का त्या साहेबाचा शिपाई?" मायने विचारलं.

दीर गेला. मग आठ दिवस काहीच कळलं नाही. माय रोज जेवायला वाढताना "कागद कशाले दिला?" असं विचारायची.

रविवारी ताईचा फोन आला. विमानतळावर दिराने खरंच कागद पुढे केला होता. साहेबाने तो दोनदा वाचला, एक लाडू फोडला, तुपाची बोटं त्याच कागदाला पुसली आणि मिठाई आहे, न्या, म्हणाला. बाकीचे सगळे पोचले. ताई रोज सकाळी एक खाते.