पेरूच्या वाटीचा भाव

राहात्याचे मामा माझ्या केडगावच्या वर्कशॉपात शिरले ते बगलेत वजनकाटा घेऊन. नात्याने ते माझे कुणी नाहीत. वयाने मोठं गिऱ्हाईक आलं की आमच्याकडे त्याचा मामाच होतो. मामांची पेरूची बाग आहे. लहानमोठे पेरू निवडणारं यंत्र त्यांनी स्वतः जुळवलं होतं, पण पेरू झेलणाऱ्या वाटीपाशी गाडं अडलं होतं. पत्र्याच्या वाटीत पेरूला डाग पडायचा. मामींनी निक्षून सांगितलं होतं की रविवारपर्यंत यंत्र नीट चाललं नाही, तर ते भंगारात जाईल.

थ्रीडी प्रिंटरवर एक वाटी करून द्यायला मी तयार झालो आणि भाव सांगितला. मामांनी काट्यावर घरून आणलेला प्लास्टिकचा मग ठेवला, वजन वाचलं, त्याला प्लास्टिकचा किलोचा दर लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भरदिवसा त्यांचा खिसा कापला.

वाद घालण्यापेक्षा मला प्रयोग लावायला आवडतं. प्रिंटरवर दुसऱ्या कुणाचं काम चालू होतं, त्यासमोर मी मामांना खुर्ची दिली. दोन चहा झाले. तेवढ्यात तो भाग जेमतेम बोटभर उठला.

“लई दमानं चाललंय की हे,” मामा म्हणाले.

मी म्हणालो, “मामा, प्लास्टिकचे पैसे किरकोळच. मी घेतो ते या वेळाचे. मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून, तेही त्यातच.”

मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातावर टाकला. घोडेगावच्या बाजारात जनावराचा भाव असाच ठरतो, कापडाखाली बोटं दाबून, शेजारच्याला कळू न देता. वर्कशॉपात आम्ही दोघंच होतो. लपवायचं कुणापासून, हे मी विचारलं नाही. एका बोटाचे शंभर. मी पाच सांगितले होते, मामांनी तीन बोटं दाबली.

उजवा हात टॉवेलखाली तसाच ठेवून मी डाव्या हाताने माऊस फिरवला. मामांनी सांगितलेल्या वाटीच्या कडेला दांडी अडकवायचा कान होता. तो हवेत लोंबू नये म्हणून प्रिंटर त्याच्याखाली आधार रचतो, त्यात वेळ जातो, आणि तो आधार आपण नंतर तोडून फेकतो. मी कान वेगळा काढला, आडवा निजवला, दोन स्क्रूंची भोकं ठेवली, वाटी पालथी घातली. पडद्यावर दिसणारा वेळ निम्म्याहून खाली घसरला. मग मी मामांची दोनच बोटं दाबली.

विकणारा गिऱ्हाईकाने मागितल्यापेक्षाही खाली उतरलेला मामांनी बाजारात कधी पाहिला नव्हता. त्यांनी हात मागे घेतला. “ह्यात खोट काय हाय?”

“काही नाही. आधीचा भाव तुमच्या वाटीचा होता, हा माझ्या वाटीचा.”

शनिवारी वाटी घेऊन मी स्वतःच राहात्याला गेलो. नाटक मी मांडलेलं, शेवटचा अंक कसा चुकवीन? पेरू घरंगळत आला आणि वाटीत अलगद बसला. मामींनी तो उन्हात धरून चहूबाजूंनी फिरवला. डाग नव्हता.

मामा लगेच यंत्राच्या उरलेल्या सगळ्या वाट्यांचं काम सांगायला लागले. काम मोठं, तर भाव आणखी उतरवा म्हणाले. मी सांगितलं की माझ्याकडे शंभराव्या वाटीलाही पहिलीइतकाच वेळ लागतो. एवढ्या हव्या असतील तर साच्यात प्लास्टिक ओतणाऱ्याकडून साचा करून घ्या, तिथे प्रत्येक वाटी स्वस्त पडेल.

“म्हंजे हातचं काम दुसऱ्याला देता तुमी?” मामींनी विचारलं.

“देतो की. पण पहिली वाटी माझीच.”

मामी हसल्या आणि यंत्रात दुसरा पेरू सोडला.